दहावीच्या निरोप समारंभाची साडी: सुरुवात ब्लाऊजपासून करा

जानेवारी उजाडला की माझ्या शिवणाच्या टेबलावर एकाच तऱ्हेच्या पिशव्या येऊ लागतात. पिशवीत नवी कोरी साडी, न कापलेला ब्लाऊजपीस आणि सोबत आईचा प्रश्न, "ताई, शुक्रवारपर्यंत होईल ना? शनिवारी शाळेत सेंड-ऑफ आहे." संक्रांतीची हळदीकुंकवं आणि लग्नसराई एकाच वेळी अंगावर आलेली असते, त्यामुळे मला बऱ्याचदा नाही म्हणावं लागतं. मग ब्लाऊज कुठेतरी घाईत, जादा पैसे देऊन शिवला जातो. तो काखेत काचतो आणि पोर तीन तास कोपर अंगाला चिकटवून उभी राहते. साडीचे दोन हजार गेलेले असतात, आणि तिला शोभली असती अशी मावशीची साडी घरात घडी घालून तशीच पडून असते.

हे दरवर्षी होतं, कारण बहुतेक घरांत आधी साडी घेतात, मग ब्लाऊज, मग परकर, आणि चपला आदल्या रात्री. कमी खर्चात नीट जमवायचं असेल तर क्रम उलटा लावा. आधी अंगावर बसणारा ब्लाऊज शोधा, मग त्यावर जाणारी साडी निवडा, मग चपला, त्या चपलांच्या उंचीवर परकर आणि शेवटी दागिने. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

१. चार आठवडे आधी: रक्कम सांगा, शाळेची सूचना वाचा

पहिलं बोलणं पैशांचं. "बघू" म्हणू नका, आकडा सांगा. "सगळं मिळून हजार रुपये आहेत, कशावर किती घालवायचे ते आपण दोघी ठरवू" असं म्हटलं की पंधरा वर्षांची मुलगी किती शहाणपणाने हिशेब करते ते मी पाहिलं आहे. आकडा कळला नाही तर ती मैत्रिणींच्या आकड्यावर जाते आणि मग दुकानात दोघींनाही वाईट वाटतं.

साडी आणि चपला घरच्या धरल्या तर पुण्यात माझ्या भागातल्या दरांप्रमाणे खर्च साधारण असा येतो. गावागणिक थोडं कमी-जास्त धरा.

ब्लाऊज उसवून बसवणे: ८० ते १५० रुपये
फॉल-पिको, नसेल तर: १०० ते १५०
परकर: २०० ते २५०
पिना, टिकल्या, रबरबँड: ५०
कानातलं-गळ्यातलं: १५० ते २००
इस्त्री किंवा रोल प्रेस: ६० ते १००
केसांतली फुलं: ५०

म्हणजे ६९० ते ९५०. रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवा. ते नेहमी विसरले जातात.

मग शाळेची सूचना पुन्हा नीट वाचा. बाह्या किती, पाठीचा गळा किती, उंच टाचा चालतात का, कार्यक्रम मैदानावर आहे की हॉलमध्ये, बसायला खुर्च्या आहेत की सतरंजी. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलींनी "सगळ्यांनी काळी साडी" असं काही ठरवलं आहे का तेही आत्ताच विचारा. दोन दिवस आधी कळलं तर खर्च दुप्पट होतो.

आणि तिला साडी नेसायचीच आहे का, हे तिला विचारा. काही मुलींना साडीत अवघडल्यासारखं होतं आणि त्या बोलत नाहीत. शाळेची सक्ती नसेल तर खणाचं जाकीट घातलेला साधा कुर्ताही फोटोत छान दिसतो. तिने नाही म्हटलं तर आग्रह करू नका.

तपासा: पूर्वपरीक्षेचं वेळापत्रक काढून कॅलेंडरवर खुणा करा. निरोप समारंभ बहुधा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत असतो, म्हणजे बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली असते. ब्लाऊज घालून बघणं आणि नेसण्याची तालीम यासाठी मुलीचे फक्त दोन रविवार घ्या. बाकीची धावपळ मोठ्यांनी करावी.

२. ब्लाऊज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. साडी पाच-साडेपाच मीटरचं सरळ कापड आहे, ती कुणालाही नेसवता येते. ब्लाऊज मात्र एकाच अंगाचा असतो.

घरातले, मावशी-काकू-आत्यांचे, मोठ्या बहिणीचे, शेजारच्या ताईचे असे मिळतील ते सगळे ब्लाऊज एका रविवारी गोळा करा. साडी कोणती आहे ते अजून बघू नका. मुलीला प्रत्येक ब्लाऊज घालायला लावा आणि तीनच गोष्टी पाहा: खांदा, मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर) आणि दंडाचा घेर. कंबर आणि छाती कमी-जास्त करता येते. या तीन गोष्टी बदलायला गेलं तर मजुरी नव्या ब्लाऊजच्या जवळ जाते.

ब्लाऊज सैल असेल तर काम सोपं. दोन्ही बाजूंनी मिळून दोन इंचांपर्यंत आत घेता येतो. त्याहून जास्त घेतलं तर पुढचे टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चुण्या, बाजूला सरकतात आणि मुंढ्यात चुण्या पडतात. अशा वेळी दुसरा ब्लाऊज शोधा.

घट्ट असेल तर उलटा करून आतला दाब, म्हणजे शिलाईत राखलेलं जादा कापड, बघा. शिंप्याकडे मापाने शिवलेल्या ब्लाऊजला बाजूच्या शिलाईत बहुतेक वेळा इंचभर कापड ठेवलेलं असतं, कधी एकापुढे एक दोन-तीन शिलाया मारलेल्या दिसतात. अंगाजवळची शिलाई उसवली की दोन्ही बाजूंना मिळून दोन-अडीच इंच सहज सुटतात. रेडिमेड ब्लाऊजला मात्र दाब नावालाच असतो, त्याच्या नादी लागू नका. उसवल्यावर आतला रंग गडद निघतो आणि जुन्या शिलाईची भोकं दिसतात. सुती कापडात ती धुऊन इस्त्री केल्यावर बरीचशी बुजतात, रेशमात राहतात. पण ही रेघ काखेखाली येते आणि डाव्या बाजूला पदर असतोच, त्यामुळे फार काळजी करू नका.

पाठीचा गळा खोल वाटला तर वरच्या बाजूला, खांद्याजवळ, नाडी लावून घ्या. खांदे उतरायचे थांबतात आणि शाळेचा आक्षेपही राहत नाही.

एकही ब्लाऊज बसला नाही तर दुसरा मार्ग ताणल्या जाणाऱ्या होजिअरीच्या रेडिमेड ब्लाऊजचा. काळा, मरून किंवा सोनेरी घ्या, अडीचशे ते चारशेत मिळतो आणि पुढे कॉलेजच्या साडी डेला पुन्हा कामी येतो. तिच्याकडे अंगाबरोबर बसणारा गोल गळ्याचा, कोपरापर्यंत बाह्यांचा काळा टॉप असेल तर तो साडीवर घालून पाहा. काठाच्या सुती साडीवर हे फार सुंदर दिसतं आणि खर्च शून्य.

नवा शिवायचाच ठरला तर कापड तीन आठवडे आधी द्या. साध्या ब्लाऊजला ८० सेंटीमीटर ते १ मीटर कापड पुरतं. अस्तर लावणार असाल तर ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड फुगून चुण्या पडतात. शिवणाऱ्या ताईंना दोन्ही बाजूंना दीड इंच दाब ठेवायला सांगा. पंधराव्या वर्षी शिवलेला ब्लाऊज विसाव्या वर्षीही घालता यावा.

तपासा: ब्लाऊज घालून, हुक लावून तिला ही कामं करायला सांगा. दोन्ही हात सरळ वर. मग दोन्ही हात पुढे घेऊन स्वतःला मिठी. मग खाली वाकून चपलेचा पट्टा लावणं. मग एक खोल श्वास. हुकांमधून फट दिसली किंवा ब्लाऊज छातीखालून वर सरकला तर तो घट्ट आहे, तिने कितीही "चालेल" म्हटलं तरी. आणि माप आतमध्ये जे घालणार तेच घालून घ्या. वेगळी अंतर्वस्त्रं घातली की ब्लाऊजचं मापच बदलतं.

सांभाळा: या वयात दीड-दोन महिन्यांतही अंग बदलतं. दिवाळीत बसलेला ब्लाऊज फेब्रुवारीत बसेलच असं नाही. समारंभाच्या आठवडाभर आधी एकदा पुन्हा घालून पाहा.

३. साडी

आता ब्लाऊजच्या रंगावर साडी शोधा. जुळती असायला हवीच असं नाही. काठाच्या रंगाशी किंवा पदरातल्या एखाद्या रंगाशी ब्लाऊज जुळला की पुरे.

पहिल्यांदा नेसणाऱ्या मुलीसाठी कापडाचा स्वभाव कळला पाहिजे. शिफॉन आणि जॉर्जेट अंगाला धरतं, हलकं असतं, पण घसरतं आणि पिना जास्त लागतात. कडक खळ दिलेली सुती साडी निऱ्यांना छान उभी राहते, पण फुगते आणि दोन तासांत चुरगळते. दोन-तीनदा धुतलेली, मऊ पडलेली सुती साडी असेल तर उत्तम. ऑर्गंझा फोटोत हवीहवीशी वाटते, पण ती सगळीकडून फुलते आणि नवख्या हाताला निऱ्या आवरत नाहीत. मला विचाराल तर हलकी इरकल किंवा नारायणपेठ. काठ असतो, वजन कमी असतं, घडी धरून राहते. आजीच्या कपाटात यांतली एक तरी बहुधा सापडते.

कपाटातून काढलेली साडी पूर्ण उलगडून खिडकीच्या उजेडात धरा. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली असेल तर घडीच्या रेघेवर विरलेली असते. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच ताणून पाहा. चरचर आवाज आला किंवा धागे विलग झाले तर ती साडी परत ठेवा. ती कार्यक्रमात बसताना फाटेल. डांबराच्या गोळ्यांचा वास तीन-चार दिवस सावलीत, वाऱ्यावर टाकल्याशिवाय जात नाही. त्यावर अत्तर मारू नका. वास जात नाही आणि जरीकाम काळं पडतं.

फॉलही बघा. साडीचा खालचा काठ गोळा झाल्यासारखा दिसत असेल तर फॉल आटला आहे. तो उसवून पुन्हा लावावा लागतो. नवा फॉल लावून घेताना तो भिजवून वाळवलेला आहे ना, एवढं विचारा.

आणखी एक गोष्ट, जी फार जणींच्या लक्षात येत नाही. साडीला जोडून आलेला ब्लाऊजपीस कापलेला नसेल तर साडी सव्वासहा मीटरच्या आसपास भरते. ते जादा कापड बारीक मुलीच्या कमरेभोवती गोळा होतं आणि ती जाड दिसते. साडी घरची असेल तर कापून घ्या, मागून आणलेली असेल तर विचारल्याशिवाय कात्री लावू नका.

साडी मागून आणताना पैठणी किंवा लग्नातला शालू मागू नका. देणाऱ्या काकू आनंदाने देतील, पण मुलगी सगळा वेळ साडीला जपत राहील आणि कार्यक्रम तिचा राहणार नाही. साडी घेतानाच तिचा फोटो काढून ठेवा, आधीचे डाग दिसतील असा, आणि तिला पिना लावलेल्या चालतील का ते विचारा.

विकत घ्यायचीच असेल तर ब्लाऊज, परकर आणि फॉल यांचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरेल त्यात साडी बसवा. पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठ, मुंबईत दादरचं हिंदमाता, नागपुरात इतवारी, कोल्हापूरकरांना गांधीनगर, इथे कमी पैशांत भरपूर निवड आहे. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवू नका. साडी दाराशी नेऊन बघा आणि पूर्ण उलगडून घ्या. स्वस्तातल्या साडीत मधोमध विणीचा दोष असू शकतो. निवडताना मुलगी सोबत हवी.

४. आधी चपला, मग परकर

चपला तिच्या रोजच्या वापरातल्या असाव्यात, रंग जुळो न जुळो. साडीखाली फक्त बोटं दिसतात. टाच हवीच असेल तर रुंद आणि दोन इंचांच्या आतली. नवीन घेतल्या तर घरात रोज अर्धा तास, आठ दिवस घालून फिरवा.

परकर या चपला घालून मापायचा. उभं राहून कमरेपासून घोट्यापर्यंत माप घ्या. साडीच्या खालच्या काठापेक्षा परकर इंचभर वर राहिला पाहिजे. आईचा परकर लांब होत असेल तर वर नाडीपाशी गोळा करू नका, त्याने कमर फुगते. खालची कड आतून दुमडून हाताने टाके घाला, दहा मिनिटांचं काम आहे. रंग साडीशी मिळता घ्या, शिफॉन-जॉर्जेटखाली तर हमखास. पातळ साडीखाली पांढरा परकर उन्हात लगेच दिसतो.

बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी किंवा कापडाची रुंद नाडी घाला. बारीक नाडी करकचून आवळली की तासाभरात कमरेला वळ उठतो. आत सायकलिंग शॉर्ट्स घालू द्या. पायऱ्या चढताना, सतरंजीवर बसताना मुलीच्या मनाला फार निवांतपणा मिळतो.

५. नेसण्याचा क्रम

आठवडाभर आधी, रविवारी, पूर्ण तालीम करा. ब्लाऊज, परकर, चपला, साडी, सगळं खरं. आणि एकदा तरी तिची तिला नेसू द्या, तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहा. शाळेत साडी सुटली तर तुम्ही तिथे नसाल.

आदल्या रात्री पदराच्या चुण्या घालून त्यांवर इस्त्री फिरवा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरून ठेवा. सकाळची वीस मिनिटं वाचतात.

पहिलं: चपला घाला. यानंतर काहीही बदलायचं नाही.

दुसरं: परकर बेंबीच्या रेषेवर बांधा, गाठ बाजूला. गाठ पुढे आली तर निऱ्यांखाली फुगवटा दिसतो.

तिसरं: साडीचं आतलं टोक बेंबीच्या उजव्या बाजूला खोचा. तिथून पुढून डावीकडे, पाठीमागून फिरवून पुन्हा पुढे, असा एक पूर्ण वेढा घ्या. खोचत जाताना खालची कड चारी बाजूंनी जमिनीला सारखी आहे ना ते बघत राहा. मागे ती वर राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

चौथं: आता निऱ्या नाही, पदर. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. निऱ्या आधी घातल्या की पदराला उरेल तेवढं कापड मिळतं आणि तो आखूड तरी होतो किंवा लोळतो. उरलेली साडी पाठीमागून उजव्या काखेखालून पुढे घ्या, डाव्या खांद्यावर टाका आणि मागे गुडघ्यापर्यंत येईल इतका पदर सोडा. चार-पाच इंच रुंदीच्या चुण्या घालून खांद्यावर पिन लावा.

पाचवं: पुढे जे कापड सैल उरलं त्याच्या निऱ्या. साधारण पाच इंच रुंदीच्या, पाच ते सात बसतात. तोंडं डावीकडे करा. निऱ्यांचा खालचा काठ एकसारखा जुळवून आधी खाली चिमटा लावा, मग वरचा भाग जुळवून बेंबीच्या किंचित डावीकडे खोचा. निऱ्या एकत्र धरून आतल्या बाजूने एक आडवी पिन परकरासकट लावा.

सहावं: छातीवरचा काठ सारखा करा. एक पिन डाव्या कमरेशी.

एवढ्या तीन पिना पुरतात, घसरणाऱ्या साडीला फार तर पाच. वीस-वीस पिना लावलेल्या मुली मी पाहते. त्या बाथरूमला जायला घाबरतात आणि साडी ठिकठिकाणी फाटते ती वेगळी. पिनेच्या गोल वेटोळ्यात धागा अडकून कापड फाटतं, म्हणून पिनेत आधी एक लहान मणी ओवा, मग ती लावा. मणी वेटोळ्यापर्यंत सरकतो आणि कापड तिथवर पोहोचत नाही. जरीत पिन टोचू नका, जरीच्या शेजारी टोचा.

उंचीने लहान मुलीला साडी खाली लोळत असेल तर वर जास्त खोचा, पण चारी बाजूंनी सारखं. साडीचा पन्हा (रुंदी) कापून कमी करू नका.

तपासा: साडी नेसून तासभर घरात राहू दे. जिना चढ-उतर. जमिनीवर मांडी घालून बसणं आणि हात न टेकता उठणं. बाथरूमला एकटीने जाऊन येणं. तिला मंचावर नाचायचं असेल तर तो संपूर्ण नाच. पायरी चढताना निऱ्या डाव्या हाताने किंचित उचलायच्या, हे दहा वेळा करून घेतलं की त्या दिवशी आपोआप होतं.

६. दागिने, केस, चेहरा

इथे कमीत कमी खर्च करा. काठाच्या साडीला मोत्याचे किंवा ऑक्सिडाइज्ड कानातले आणि एक गळ्यातलं पुरतं. सोनं शाळेत पाठवू नका, हरवलं तर तो दिवस तिला आयुष्यभर त्यासाठीच आठवेल. खोट्या कानातल्यांनी काहींचे कान खाजतात, म्हणून तालमीच्या दिवशी दोन तास घालून बघा.

थंडीत मोगरा महाग असतो. शेवंतीची दोन फुलं किंवा छोटी वेणी घ्या. केस तिला जमतात तसेच, वेणी किंवा अंबाडा. मोकळे केस पदराच्या पिनेत आणि कानातल्यांत अडकतात.

सांभाळा: त्या आठवड्यात पहिल्यांदाच ब्लीच, फेशियल किंवा नवं क्रीम नको. चेहऱ्यावर पुरळ आलं तर उतरायला दिवस लागतात. हातावर झटपट चढणारी काळी मेंदी अजिबात नको. तिच्यातल्या रसायनाने फोड येतात.

७. त्या दिवशी

निघायच्या दीड तास आधी सुरुवात करा. क्रम असा: पोटभर नाश्ता, केस, चेहरा, मग ब्लाऊज-परकर-साडी, शेवटी दागिने. चेहऱ्याची पावडर साडीवर पडली की डाग राहतो, म्हणून साडी नंतर. पुढून उघडणारा जुना शर्ट घालून केस-चेहरा करावा, म्हणजे तो डोक्यावरून काढावा लागत नाही.

सोबत एका छोट्या पाऊचमध्ये चार पिना, सुई-दोरा, टिकल्यांचं पाकीट, सॅनिटरी पॅड, रुमाल, थोडे पैसे. सकाळचा कार्यक्रम असेल तर शाल द्या. स्वेटर साडीवर चढवता-उतरवताना पदराची पिन ओढली जाते.

आता दोन धोके, ज्यांच्याबद्दल मला खरोखर कळकळीने सांगायचं आहे.

पहिला दुचाकीचा. पदर किंवा निऱ्या चाकात अडकून होणारे अपघात जीवघेणे असतात. जमलं तर दोन-तीन मैत्रिणींनी मिळून रिक्षा करा. नाहीतर ड्रेस घालून जावं आणि शाळेजवळ राहणाऱ्या मैत्रिणीकडे साडी नेसावी. दुचाकीशिवाय इलाज नसेल तर साडी गार्ड असलेलीच गाडी, पदर पूर्ण पुढे घेऊन कमरेला खोचलेला, निऱ्या गुडघ्यांत दाबलेल्या आणि डोक्यावर हेल्मेट. फुलं पोहोचल्यावर माळावीत.

दुसरा समईचा. दीपप्रज्वलनाला मुली घोळक्याने पुढे येतात आणि वाकतात. त्यावेळी सुटा पदर ज्योतीवर जातो. शिफॉन, जॉर्जेट, ऑर्गंझा ही कापडं बहुतेक वेळा कृत्रिम धाग्याची असतात, ती पेटली की वितळून अंगाला चिकटतात. तिला सांगून ठेवा: समईपाशी जाताना पदर उजव्या बाजूने पुढे घेऊन कमरेला खोचायचा आणि वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. तालमीत हेही एकदा करून घ्या.

८. मुलगा असेल तर

मुलांच्या बाबतीत घरात कुणी विचारच करत नाही आणि मग आदल्या दिवशी महागडा ब्लेझर येतो, जो जूनपर्यंत आखूड होतो. शाळेची चालत असेल तर शाळेचीच गडद पँट, पॉलिश केलेले शाळेचे बूट आणि नीट इस्त्री केलेला फिका शर्ट, एवढंच पुरेसं आहे. पँट आखूड झाली असेल तर खालची दुमड बघा. आत दीड-दोन इंच असेल तर सोडून घ्या आणि जुनी रेघ ओलसर फडक्यावरून इस्त्रीने घालवा.

ब्लेझर काका-मामांचा आणला तर फक्त खांदा बघा. खांद्याची शिलाई हाडाच्या टोकावर आली पाहिजे. बाही आणि कमर शिंपी कमी करून देतो, खांदा उतरवायला ब्लेझर जवळजवळ पूर्ण उसवावा लागतो. भाड्याने घेत असाल तर अनामत रक्कम, परतीची वेळ आणि डाग पडला तर काय कापणार, हे पावतीवर लिहून घ्या. कुर्ता-पायजमा सगळ्यात स्वस्त पडतो आणि पुढे गणपती-दिवाळीतही घालता येतो, फक्त पायजम्याच्या नाडीला आतून एक टाका घाला, म्हणजे ती सटकून आत जात नाही.

९. दुसऱ्या दिवशी

घरी आल्यावर आधी सगळ्या पिना काढून मोजा. एखादी राहिली तर पुढच्या घडीत कापड फाडते आणि गंजाचा डाग जन्मभर जात नाही. साडी लगेच घडी करू नका, रात्रभर दोरीवर सावलीत टाका, घाम वाळू द्या.

सुती साडी गार पाण्यात धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून परत करा. रेशमी साडी घरी धुऊ नका. डाग पडला असेल तर चोळू नका, तेलाच्या डागावर टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा, झटका, आणि मग ड्रायक्लीनला द्या. तिथे डाग कशाचा आहे ते सांगा. काही फाटलं असेल तर काकूंना स्वतःहून दाखवा आणि रफू करून देते म्हणून सांगा. तिनेच सांगावं, आईने नाही.

उसवून मोठा केलेला ब्लाऊज मागून आणलेला असेल तर परत देण्याआधी पुन्हा मूळ मापावर शिवून घ्या, म्हणून जुन्या शिलाईची खूण राहू द्यायला आधीच सांगून ठेवा. साडीची घडी जुन्या रेघेवर न घालता थोडी सरकवून घाला आणि सुती कापडात गुंडाळून, आठवड्याच्या आत, मुलीला सोबत घेऊन परत करून या.